जुन्या आउटबोर्डला आरपीएम मीटर जोडायचाय? सगळा खेळ तिसऱ्या वायरचा आहे

बोटीच्या मागे लावलेली जुनी आउटबोर्ड मोटर नीट चालतीये, आवाज ठीक आहे, धूर ठीक आहे, मग टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा आरपीएम मीटर, कशाला हवा असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर चार-पाच हॉर्सपॉवरची छोटी मोटर असेल तर नाही लावला तरी काही अडत नाही. पण तीस-चाळीस हॉर्सपॉवरच्या वर गेलात की नुसत्या कानावर विसंबून चालत नाही, कारण वारा, लाटा, बोटीचा स्वतःचा खडखडाट या सगळ्यात इंजिन ४६०० ला फिरतंय का ५४०० ला हे कुणाच्याही कानाला कळत नाही. आणि हाच फरक महत्त्वाचा असतो.

प्रत्येक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची एक रेंज दिलेली असते, बऱ्याच मोटरींची ५००० ते ५५०० किंवा ५००० ते ६००० अशी काहीतरी. थ्रॉटल पूर्ण उघडून, नेहमीचं वजन बोटीत घेऊन, इंजिन त्या रेंजमध्ये बसलं पाहिजे. खाली राहिलं तर प्रोपेलर जड पडतोय, इंजिन दबून चालतंय, कार्बन धरतंय, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टनवर नॉकिंगचा मार बसतोय. वर गेलं तर पार्ट वेळेआधी झिजणार. प्रोपेलरची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंचाने बदलली की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. म्हणजे रेंज ५००० ते ६००० आहे आणि तुमची मोटर ४६०० वरच अडकते, तर दोन इंच कमी पिचचा प्रोपेलर लावल्यावर ती ५००० च्या जवळपास येईल, आणि अजून थोडी मोकळी हवी असेल तर तीन इंच कमी. हा हिशोब मीटरशिवाय करता येत नाही, अंदाजाने प्रोपेलर बदलत बसलात तर नुसते पैसे जातात.

आता मुद्द्याचं. मीटरच्या मागे साधारण तीन टर्मिनल असतात आणि एक दिव्याची वायर. एकावर १२ व्होल्ट, एकावर निगेटिव्ह, एकावर सिग्नल. पहिल्या दोन कुणीही जोडेल. गोंधळ होतो तो सगळा तिसरीचा, कारण ती कुठून आणायची हेच माहीत नसतं आणि मग लोक दिसेल त्या वायरला टाका मारतात.

मीटर मोजतो तरी काय

आधी हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सोपं होतं. आउटबोर्डचा टॅकोमीटर इंजिनच्या कुठल्याच फिरणाऱ्या भागाला जोडलेला नसतो. तो बॅटरी चार्ज करणाऱ्या कॉइलमधून येणारे पल्स मोजतो. बास.

वरती फ्लायव्हील असतो, त्याच्या आतल्या बाजूला मॅग्नेट चिकटवलेले असतात. त्याच्या खाली न हलणारा स्टेटर, म्हणजे तांब्याच्या तारेच्या कॉइली. फ्लायव्हील फिरला की मॅग्नेट कॉइलींसमोरून जातात, एकदा नॉर्थ एकदा साउथ, त्यामुळे कॉइलमध्ये एसी करंट तयार होतो. हा एसी पुढे रेक्टिफायरमध्ये जातो, तिथे त्याचा डीसी होतो आणि तो बॅटरीत जातो. टॅकोला पाहिजे तो एसी, रेक्टिफायरच्या अलीकडचा. डीसी झाल्यावर त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही, बॅटरीच्या पॉझिटिव्हला सिग्नलची वायर लावून काटा हलत नाही म्हणून मीटर खराब ठरवणारे लोक आहेत, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मॅग्नेटचे पोल किती यावर एका फेऱ्यात किती पल्स येणार हे ठरतं. नॉर्थ-साउथची एक जोडी म्हणजे एक पल्स. म्हणून १२ पोल असतील तर एका फेऱ्यात ६ पल्स, १० पोलला ५, ४ पोलला २. मध्यम आणि मोठ्या आउटबोर्डमध्ये १२ पोल सगळ्यात जास्त दिसतात, आणि त्यात एक मजा आहे: १२ पोलला ३००० आरपीएमवर मिनिटाला १८,००० पल्स होतात, म्हणजे सेकंदाला ३००. थोडक्यात हर्ट्झला दहाने गुणलं की आरपीएम. मल्टिमीटरला हर्ट्झ मोजायची सोय असेल तर टॅको न लावताही इंजिनचे आरपीएम वाचता येतात, हे पुढे कामाला येणार आहे.

कारचा टॅको घरात पडलाय तो चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालवून घेता येतो पण आकडा खोटा दाखवेल. कारचा मीटर इग्निशनचे पल्स मोजायला बनवलेला असतो, त्याच्या मागे ४, ६, ८ सिलिंडर असे पर्याय असतात. आठ सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये एका फेऱ्यात चार स्पार्क होतात, म्हणजे तो मीटर जास्तीत जास्त चार पल्सचा हिशोब धरून बसलेला, आणि तुमची मोटर देतीये सहा. मग ३००० ला तो ४५०० दाखवणार. सिग्नलचा व्होल्टेज त्याला झेपेल का हा वेगळाच विषय. सरळ आउटबोर्डसाठी बनवलेला, मागे सिलेक्टर (पल्सप्रमाणे सेटिंग बदलायचा डायल) असलेला मीटर घ्या, आणि डॅशबोर्ड उघडा असेल तर पुढची काच फॉग न होणारा, पाणी न शिरणारा.

तिसरी वायर शोधणं

सगळ्यात आधी नवीन वायर ओढायच्या आधी कंट्रोल बॉक्सच्या मागे आणि चावीच्या स्विचच्या मागे हात घालून बघा. बऱ्याच मोटरींना कंपनीनेच हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) टॅकोची वायर दिलेली असते आणि ती टेप गुंडाळून तशीच मागे पडून असते, पहिल्या मालकाने मीटर घेतलाच नव्हता म्हणून. अशी मिळाली तर निम्मं काम वाचलं.

रंगांचं काय, तर मर्क्युरीत आणि जॉन्सन-इव्हिनरूडच्या नंतरच्या मॉडेलमध्ये सिग्नलची वायर ग्रे असते, चावी चालू केल्यावर करंट येणारी जांभळी, निगेटिव्ह काळी. यामाहात सिग्नल हिरव्या वायरवर असतो आणि चावीनंतरचा १२ व्होल्ट पिवळ्या वायरवर. आता बघा गंमत, मर्क्युरीच्या इंजिनवर पिवळी म्हणजे स्टेटरचा एसी, आणि यामाहाच्या हार्नेसमध्ये पिवळी म्हणजे १२ व्होल्ट डीसी. एकाच रंगाचे दोन अर्थ. शिवाय मोटर पंचवीस-तीस वर्षं जुनी असेल तर मधे कुणी काय काय जोडलंय, उन्हाने कुठला रंग कुठला झालाय याचा भरवसा नाही, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: रंग हा फक्त अंदाज, खात्री मल्टिमीटरनेच करायची.

हार्नेसमध्ये वायर नाहीच मिळाली तर इंजिनवरून आणायची. काउल (मोटरचं वरचं झाकण) काढा, फ्लायव्हीलच्या खालून बाहेर येणाऱ्या दोन जाडसर वायरी शोधा, बहुतेक दोन्ही पिवळ्या किंवा एक पिवळी आणि एक पिवळ्यावर पट्टा असलेली, त्या जिथे जातात तो रेक्टिफायर. जुन्या मोटरींवर तो गोल किंवा चौकोनी छोटा डबा असतो, नट-बोल्टचे टर्मिनल असलेला, ब्लॉकला स्क्रूने लावलेला. त्याच्यावर दोन एसीच्या वायरी येतात आणि एक लाल बॅटरीकडे जाते. त्या दोन एसीपैकी कुठल्याही एकीच्या नटाखाली तुमच्या सिग्नल वायरचा गोल लग बसवायचा. दोन्हीवर नाही, एकावरच. दुसऱ्या टोकाची काळजी करायची नाही, रेक्टिफायरमधल्या डायोडमुळे (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) निगेटिव्हचा संदर्भ आपोआप मिळतो.

मोटरला साधा रेक्टिफायर नसून रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) आणि रेक्टिफायर एकत्र असेल, पंख्यांसारख्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला, तर त्यातून बहुतेक वेळा टॅकोसाठी वेगळी ग्रे वायर बाहेर आलेली असते. ती असेल तर तीच वापरा, पिवळीला हात लावू नका.

एक वायर जिला चुकूनही हात लावायचा नाही

चावीच्या स्विचच्या मागे अक्षरं असतात. बी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, एस म्हणजे स्टार्टर, आय किंवा ए म्हणजे चावी चालू असतानाचा करंट, सी असेल तर चोक, आणि दोन एम. हे दोन एम म्हणजे इंजिन बंद करायचे टर्मिनल. चावी बंद केली की स्विच हे दोन्ही एम आतून एकमेकांना जोडतो, इग्निशन अर्थ होतं आणि मोटर थांबते. म्हणजे कारच्या अगदी उलट, इथे करंट तोडून इंजिन बंद होत नाही, अर्थ करून होतं.

आता एखाद्याने कारच्या सवयीने विचार केला की इग्निशनची वायर म्हणजे १२ व्होल्ट असणार, आणि टॅकोचा पॉझिटिव्ह एम वर लावला, किंवा त्याहून वाईट म्हणजे एम ला बॅटरीचा करंट दिला, तर सीडीआयचा (स्पार्क तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) स्विच बॉक्स जाऊ शकतो. जुन्या मोटरचा स्विच बॉक्स किंवा पॉवर पॅक ही स्वस्तातली वस्तू नाही, आणि कधी कधी मिळतही नाही. मर्क्युरीत ही वायर काळी-पिवळी असते, काळी समजून तिच्यावर निगेटिव्ह जोडला की मोटर सुरूच होणार नाही, पिवळी समजून तिच्यावर १२ व्होल्ट दिले की बॉक्स उडालाच.

सीडीआयच्या कॅपॅसिटरवर दोनशे-तीनशे व्होल्ट असतात, त्यामुळे इग्निशन कॉइलच्या प्रायमरीवरून टॅकोला सिग्नल घ्यायचा उद्योगही नको, मीटर जळेल आणि शॉक बसेल तो वेगळा. खूप जुन्या, बॅटरीवर चालणाऱ्या पॉइंटवाल्या इग्निशनमध्ये कॉइलच्या निगेटिव्हवरून सिग्नल घ्यायची पद्धत होती, पण तसला मीटर वेगळा आणि तशा मोटरी आता क्वचितच दिसतात.

प्रत्यक्ष जोडणी

काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. आणि इथेच अजून एक सांगून ठेवतो, मोटर चालू असताना बॅटरीची केबल कधीच काढायची नाही, बॅटरी स्विचही फिरवायचा नाही, कारण बॅटरी सुटली की चार्जिंगचा करंट जायला जागा राहत नाही, व्होल्टेज उसळतो आणि रेक्टिफायरचे डायोड मरतात. मग टॅकोही बंद आणि चार्जिंगही.

पॉझिटिव्ह घ्यायचा चावीच्या आय किंवा ए टर्मिनलवरून. मीटर खूप कमी करंट खातो, त्यामुळे मधे एक ते तीन अॅम्पियरचा फ्यूज भरपूर झाला. थेट बॅटरीवरून घेतलात तर मीटर दिवसरात्र चालू राहील आणि बोट महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरलेली मिळेल. निगेटिव्ह डॅशबोर्डच्या कॉमन निगेटिव्ह पट्टीवर. बोट फायबरची आहे, कारसारखं बॉडीला अर्थ मिळत नाही, म्हणून स्क्रू कुठेतरी मारून अर्थ झाला असं समजू नका. दिव्याची वायर, बहुतेक निळी, नेव्हिगेशन लाइटच्या स्विचला लावायची म्हणजे रात्री लाइट लावले की मीटरही उजळेल. नाही लावली तरी मीटर चालतोच.

वायर टिन केलेली तांब्याची घ्या, साधी घरातली वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते, बाहेरून प्लास्टिक छान दिसतं आणि आत नुसती भुकटी. जाडी एक ते दीड चौरस मिलिमीटर पुरते. लग क्रिंप करून वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. वायर न कापता वरून चावून बसणारे जे निळे-लाल प्लास्टिकचे क्लिप मिळतात ना, ते पाण्याच्या जवळ अजिबात नको, त्यांच्यात पाणी शिरतं आणि पुढच्या सीझनला काटा नाचायला लागतो.

इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत वायर नेताना खरी काळजी ट्रान्समपाशी, म्हणजे मोटर जिथे बसते त्या बोटीच्या मागच्या फळीपाशी. मोटर दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, पूर्ण वर टिल्ट करून बघा, तिथे वायर ताणली जाते का, कशात चेंगरते का. थोडा सैल वळसा ठेवा. हे नुसतं मीटर बंद पडू नये म्हणून सांगत नाहीये. सिग्नलची वायर थेट स्टेटरला जोडलेली आहे, ती घासून इंजिनच्या ब्लॉकला लागली तर चार्जिंग कॉइलचं एक टोक अर्थ होतं, बॅटरी चार्ज होणं बसतं आणि स्टेटर गरम होत राहतो. मीटरच्या नादात स्टेटर गेला तर फ्लायव्हील काढायची वेळ येते. स्पार्क प्लगच्या वायरींपासूनही तिला लांब ठेवा.

मीटरमागचे नट हलक्या हाताने आवळा. पितळी बोल्ट असतात, जोर लावला की आतल्या आत फिरतात आणि मीटर गेला.

सिलेक्टर, इथेच आकडे खोटे निघतात

सगळं नीट जोडलं, काटा हलतोय, आणि आयडलला मोटर १४०० दाखवते. बहुतेक वेळा मीटर ठीक असतो, सेटिंग चुकलेलं असतं. मीटरच्या मागे स्क्रूड्रायव्हरने फिरणारा छोटा डायल असतो. घोळ असा की काही मीटरवर आकडे पोलचे असतात आणि काहींवर पल्सचे. तुमची मोटर १२ पोलची, म्हणजे ६ पल्सची. डायलवरचे आकडे पल्सचे असतील तर ६ वर ठेवायचं, पोलचे असतील तर १२ वर. पोलच्या डायलवर ६ ठेवलंत तर दुप्पट दाखवेल, ३००० चे ६००० होतील आणि तुम्ही घाबरून थ्रॉटल ओढाल. मीटरबरोबर आलेला कागद वाचा, तो फेकायचा कागद नाही.

चूक नेहमी इतकी ठळक नसते हेच वाईट. ५ पल्सची मोटर आणि मीटर ६ वर असेल तर ५००० ला तो ४१६० च्या आसपास दाखवेल. हा आकडा खरा वाटतो! मग माणूस प्रोपेलर जड आहे असं समजून हलका प्रोपेलर आणतो, मोटर आधीच बरोबर होती ती आता ओव्हर-रेव्ह होते (रेंजच्या वर फिरते), आणि मीटरवर सगळं छान दिसत राहतं.

पोल किती हे मॅन्युअलमध्ये, चार्जिंग सिस्टीमच्या पानावर मिळतं. मॅन्युअल नसेल तर फ्लायव्हीलमधले मॅग्नेट मोजायचा मोह होतो पण त्यावर विसंबू नका, एकाच पट्टीत दोन-तीन पोल भरलेले असू शकतात. त्यापेक्षा मोजून काढा. फ्लायव्हीलवर चमकणारी टेप लावून ऑप्टिकल टॅकोने खरे आरपीएम घ्या, किंवा प्लगच्या वायरवर लावायच्या टॅकोने घ्या, आणि त्याच वेळी सिग्नल वायर आणि निगेटिव्हच्या मधे मल्टिमीटर हर्ट्झवर लावा. हर्ट्झ गुणिले ६० भागिले आरपीएम, झालं. ८०० आरपीएमला ८० हर्ट्झ आले तर ६ पल्स. १००० ला ८३ च्या जवळ आले तर ५. मधलं काही आलं तर आयडल स्थिर नाहीये, थोडं थ्रॉटल देऊन परत मोजा.

हे करताना काउल उघडा असतो आणि फ्लायव्हील तुमच्या तोंडासमोर फिरत असतो, म्हणून सैल बाह्या, लोंबणारी दोरी, गळ्यातला गमछा, काहीही जवळ नको. आणि मोटर पाण्याशिवाय एक मिनिटही चालवायची नाही, पाण्याचे कप लावून होज चालू करा किंवा मोटरचा खालचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा, नाहीतर टॅको जोडायच्या नादात पंपाचा रबरी इंपेलर भाजून निघेल. डायल फिरवताना मीटरचा करंट बंद असू द्या.

काटा हललाच नाही तर

चावी चालू केल्यावर काटा थोडासा उडी मारून शून्यावर बसतो का ते बघा. बसला तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठीक आहेत. तरी मीटरच्या दोन टर्मिनलवर १२ च्या वर व्होल्ट येतात का मोजा. मग मोटर सुरू करा, सिग्नल वायर मीटरवरून सोडवा, तिच्यात आणि निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. आयडलला साधारण सहा ते दहा-बारा व्होल्ट दिसायला हवेत, आणि हर्ट्झवर लावलं तर थ्रॉटलबरोबर आकडा वर गेला पाहिजे. तो जातोय आणि तरी काटा मेलेला असेल तर मीटरच गेलेला.

तिथे काही येत नसेल तर तीच तपासणी इंजिनवर, रेक्टिफायरपाशी करा. इंजिनवर येतंय आणि डॅशबोर्डवर नाही, म्हणजे मधली वायर. इंजिनवरही नाही, म्हणजे रेक्टिफायर किंवा स्टेटर, आणि अनुभवी माणूस पहिला संशय रेक्टिफायरवरच घेतो. त्यातला एक डायोड शॉर्ट झाला की एसीची ती बाजू एकीकडे बांधली जाते, तिथे वर-खाली होणारं काही उरतच नाही, मग मीटर मोजणार काय? डायोड उघडा पडला असेल तर आकडा अर्धामुर्धा किंवा उड्या मारणारा येतो. मोटर बंद करून, बॅटरी सोडवून, रेक्टिफायरच्या वायरी काढून मल्टिमीटर डायोडवर लावा आणि प्रत्येक एसी टर्मिनल ते लाल, प्रत्येक एसी टर्मिनल ते बॉडी असं दोन्ही दिशांनी मोजा. एका दिशेने आकडा, उलट दिशेने काही नाही, असं चारही वेळा आलं तर रेक्टिफायर साधारण चांगला. दोन्ही दिशांनी शून्याच्या जवळ किंवा दोन्ही दिशांनी काहीच नाही, तर तो बदला. ही चाचणी साध्या रेक्टिफायरसाठी, रेग्युलेटर आत असलेल्यांचं वेगळं असतं.

म्हणूनच जुनी जाणती मंडळी चालता चालता टॅको अचानक शून्यावर आला की मीटरला टिचक्या मारत बसत नाहीत, ते आधी व्होल्टमीटर बघतात. टॅको मेला म्हणजे बहुतेक चार्जिंग मेलं, आणि तुम्ही आता फक्त बॅटरीवर परत येताय. अशा वेळी फिश फाइंडर, लाइट, जे काही अनावश्यक असेल ते बंद करायचं आणि मोटर शक्यतो बंद करायची नाही.

मोठ्या मोटरींमध्ये दोन रेग्युलेटर असतात आणि टॅकोची ग्रे वायर त्यातल्या एकावरच असते. काटा पडला तर ती वायर दुसऱ्या रेग्युलेटरच्या ग्रे टोकाला लावून बघायची, मीटर जिवंत झाला तर कुठला रेग्युलेटर गेलाय हे कळलं.

काटा नाचतोय पण पडत नाही, तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासून आवळा, मग निगेटिव्ह तपासा. लाइट लावले की आरपीएम वाढलेले दिसतात, असं असेल तर शंभर टक्के अर्थिंगचा प्रॉब्लेम, इंजिनला काही झालेलं नाही. जुना मीटर असेल तर मागचा सिलेक्टर डायल पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत जागेवर आणा, आत कॉन्टॅक्टवर गंज धरलेला असतो तो घासला जातो. यावर बरेच मेलेले मीटर जिवंत होतात.

चार्जिंग कॉइलच नसेल तर

दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच छोट्या मोटरींना चार्जिंगचा स्टेटर नसतोच, मग सिग्नल येणार कुठून. काहींना फक्त लाइटसाठीची कॉइल असते, दोन वायरी बाहेर आलेल्या, रेक्टिफायर नाही. तिच्यावर टॅको लावता येतो पण त्या दोन वायरी बहुतेक अधांतरी असतात, कुठलीच अर्थ नसते, त्यामुळे एकीवर सिग्नल लावला तरी निगेटिव्हच्या तुलनेत मीटरला काही दिसत नाही. मधे एक ब्रिज रेक्टिफायर टाकून बॅटरी जोडली की संदर्भही मिळतो आणि थोडंफार चार्जिंगही, पण कॉइल लहान असते आणि बॅटरीवर रेग्युलेशन नसतं, तेवढं लक्षात ठेवा.

यातलं काहीच करायचं नसेल तर प्लगच्या वायरवर गुंडाळायचा इंडक्टिव्ह टॅको घ्या. स्वतःची छोटी बॅटरी असलेला डबीएवढा डिजिटल मीटर, त्याची एक वायर स्पार्क प्लगच्या केबलभोवती चार-पाच वेढे देऊन झिप टायने बांधायची, तांब्याला कुठेही जोडायचं नाही. त्यात एका फेऱ्याला किती स्पार्क हे सेट करावं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक. फोर-स्ट्रोकमध्ये खरं तर दोन फेऱ्यांना एक स्पार्क पुरतो, पण बऱ्याच मोटरी एक्झॉस्टच्या वेळीही एक फुकटचा स्पार्क देतात, म्हणजे तिथेही प्रत्येक फेऱ्याला एक. आकडा बरोबर निम्मा किंवा दुप्पट येत असेल तर हे सेटिंग बदला. उड्या मारत असेल तर एक-दोन वेढे कमी करा, शेजारच्या प्लगचा स्पार्क त्यात शिरतोय.